बासष्ट जणांची ऑनलाइन हजेरी

२ जुलै २०२१, शुक्रवार. पवनी.
कॉलेजच्या दूरशिक्षण केंद्राचा नवा ऑनलाइन कोर्स, 'पवनीचा प्राचीन वारसा', प्राचार्यांनी माझ्याकडे दिला. देणारच. एकोणतीस वर्षं हाच विषय शिकवतोय. मार्चमध्ये रिटायर होईन, पण कोर्सवर नाव कायम राहील. कॉम्प्युटरच्या रुचिता मॅडमनी विचारलं, कोर्सचं डिझाइन काय ठरवलंत? म्हटलं, डिझाइन रांगोळीचं असतं. मी शिकवतो.

५ जुलै, दुपार.
पहिला पाठ रेकॉर्ड. पंचावन्न मिनिटं, एका दमात. आधी रीतसर हजेरी. बासष्ट नावं, प्रत्येक नावानंतर 'हजर सर' म्हणायला पुरेसा वेळ सोडला. काहींचं नेट स्लो असतं, त्यांना दोनदा पुकारलं. मग उशिरा येणाऱ्यांना झापलं. बायको चंद्रकला नंतर विचारत होती की समोर तर भिंत आहे, मग झापून कोणाले राहिले होते. तिला शिस्त कळत नाही.

१३ जुलै.
चार पाठ झाले. प्रत्येकात हजेरी. संकल्प: रोज एक पाठ. आज पाठ दुखते म्हणून सुट्टी.

२० जुलै.
रुचिता मॅडमनी स्क्रीनवर आलेख दाखवला. विद्यार्थी एकेक करून बाहेर पडलेले. आंबिलडुके पहिला, तो दुसऱ्या मिनिटाला गेला. ज्याचं नाव झालं तो गेला. सतराव्या मिनिटाला हजेरी संपली तेव्हा एकच उरली होती, यादीतली शेवटची, सानगडीची मंदाबाई हटवार. मॅडम म्हणाल्या, विषय कोणी ऐकलाच नाही. मी म्हटलं, वर्गातही पोरं अशीच सटकतात. म्हणजे माझा ऑनलाइन वर्ग हुबेहूब खऱ्यासारखा झाला.

२१ जुलै.
मंदाबाईंना फोन केला. चारही पाठ पूर्ण पंचावन्न मिनिटं चालवणारी विद्यार्थिनी! अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "मी धानाच्या रोवन्यात होती सर. मोबाईल वावराच्या धुऱ्यावर ठेवला होता. नाव घेतलं तं हजर म्हनलं. मंग हाताले चिखल, बंद करू कशी?"
तरी हजर म्हणाल्या. प्राचार्यांना हे सांगायलाच हवं.

२३ जुलै.
प्राचार्यांना सांगितलं. उपयोग नाही. हुकूम: हजेरी बाद. प्रत्येक पाठ आठ मिनिटांचा, शेवटी दोन प्रश्न. ३१ तारखेपर्यंत पहिले दोन पाठ दिले नाहीत तर कोर्स रुचिता मॅडमच्या नावावर. दोन हजार वर्षांचं गाव आणि आठ मिनिटं! वैनगंगा लोट्यात भरायला सांगतात. मरेन पण आठ मिनिटांत शिकवणार नाही.

२६ जुलै.
निषेधाचं पत्र. सात पानं. चंद्रकलेचं म्हणणं, एवढ्या वेळात दोन पाठ झाले असते. दुर्लक्ष केलं.

३० जुलै.
पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. आता करूनच दाखवतो. उद्या घड्याळ समोर ठेवून रेकॉर्ड करणार. आठव्या मिनिटाला मी प्रस्तावनेतच असेन, आणि तीच फाईल पुरावा म्हणून पाठवीन.

३१ जुलै, शनिवार. सकाळी ११.
रेकॉर्ड केलं. हजेरी नाही, झापणं नाही, 'मागच्या बाकावर काय चाललंय' नाही. स्तूप झाला, नाणी झाली, पाठ संपला. घड्याळात पाच मिनिटं चाळीस सेकंद.
काहीतरी सुटलं असणार. ब्याण्णव सालची वही काढली, ओळ न ओळ ताडून पाहिली. काहीच सुटलं नव्हतं. पुन्हा केलं, मुद्दाम सावकाश. सहा मिनिटं पाच. दुसरा पाठ तर पाच मिनिटांतच आटपला. बाकीच्या पाठांचा अंदाज घेतला नाही.

दुपारी १.
दोन्ही फाईली पाठवल्या. पाठवताना लाज वाटली. रुचिता मॅडमचा लगेच मेसेज आला: सर, फार छान झालंय. कोर्स तुमच्याच नावावर. दोन-तीन मिनिटं शिल्लक आहेत, आणखी काही सांगायचं आहे का?

दुपारी ३.
विचार करतोय.