डावा जुना, उजवा नवा

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

चिरंजिवांचा फोन. एरवी रविवारी येतो, आज मंगळवारी आला म्हणून आधी विचारलं, कोणी आजारी आहे का. तसं काही नव्हतं. त्यांच्या शहरात १ मार्चला पाच किलोमीटरची दौड आहे, जोडीजोडीने पळायची. म्हणाला, "बाबा, याल का? आपण दोघं. चालत गेलात तरी चालेल." नाव वीस तारखेपर्यंत द्यायचंय.

लगेच हो म्हटलं नाही. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभाग सांभाळलाय, तपासल्याशिवाय साधा नटसुद्धा माझ्या हातून पुढे गेला नाही. सांगितलं, आधी साधनसामग्री बघतो, मग कळवतो.

साधनसामग्री म्हणजे बूट. पळणं काय, माणसाला उपजतच येतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

बूट घेतले. रोजच्या सरावाचे, जाड गादीचे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, घालून चालून बघा. चाललो. पाय टेकला की मऊ, उचलला की हलकं. फार बरं वाटलं. पण तेवढ्यावर मत देणारा मी नव्हे. बाईंना विचारायला चौदा प्रश्न काढून नेले होते. सहाव्याला त्या आतल्या खोलीत गेल्या. अर्धा तास थांबलो. माहिती बहुधा सहज मिळण्यासारखी नसावी.

दुपारी तक्ता आखला. रकाने: गादी, पकड, टाच, बोटांना जागा, आवाज, लेस, शेरा.

एक फायदा आत्ताच दिसतोय. बायको होती तेव्हा फोनवर तीच बोलायची. शेवटी माझ्या हातात द्यायची, मी तब्येत आणि हवा विचारून परत करायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तब्येत आणि हवा दोन मिनिटांत आटपतात. बूट हा विषय महिनाभर पुरेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.२०

पहिली चाचणी. कुठलीही वस्तू एकटी तपासून काही कळत नाही, शेजारी तुलनेला जुना नमुना लागतो. हे कारखान्यात नव्या लोकांना मी पहिल्याच दिवशी शिकवायचो. म्हणून उजव्या पायात नवा बूट, डाव्या पायात जुना कॅनव्हासचा. जाडीत दोन सेंटिमीटरचा फरक.

मैदानाला चार फेऱ्या. पळत अर्धी, बाकी निरीक्षण करत. उजवीकडे गादी, डावीकडे फरशी. फरक इतका स्वच्छ की मीच खूश झालो. लोक वळून वळून बघत होते. पद्धतशीर काम लपत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

थंडी जास्त. चाचणी घरातच. स्वयंपाकघर ते बाल्कनी अठरा पावलं, चाळीस खेपा. घर चाचणीला आदर्श आहे. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी वाटेत येत नाही, कोणी काही विचारत नाही. बुटाचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो. पहिल्या वीस खेपांनंतर थोडा वेळ रेडिओ लावला. चाचणीचा भाग म्हणून.

उद्यापासून रोज दोन किलोमीटर पळायचं. पक्कं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दहा आणि अकराला लेसचा अभ्यास केला, त्यामुळे पळणं राहिलं.

मैदानावर रोज एक टोपीवाले गृहस्थ येतात. बरोबर तिघं-चौघं असतात, फेऱ्या झाल्या की समोरच्या टपरीवर चहा घेत हसत बसतात. आज टोपीवाले जवळ आले आणि हळूच विचारलं, दुसरा बूट चोरीला गेला का? मी म्हटलं, दुसरा घरी आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. समजूतदार माणूस.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टोपीवाल्यांनी पिशवीतून त्यांच्या पुतण्याचे वापरलेले बूट आणून दिले. म्हणाले, संकोच करू नका. मी संकोच केला नाही. तिसरा नमुना म्हणून नोंद केली. ते चहाला चला म्हणत होते. नाही म्हटलं. चाचणी चालू असताना तपासनीसाने कोणाच्या चहाला बसू नये, उगीच मत झुकतं. घरी येऊन चहा केला. सवयीने दोन कप ठेवला गेला. दुसरा अकरा वाजता गरम करून घेतला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डावं कंबरडं धरलंय. जिना उतरताना ब्रह्मांड आठवतं. बुटाचा संबंध नाही.

दुपारी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे. त्यांनी दोन्ही पाय ओढून, वाकवून, मोजून बघितले. पाय सारखेच निघाले, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. काय व्यायाम करता म्हणून विचारत राहिल्या. मी बराच वेळ ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी पिशवीतून नमुने काढून दाखवले. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग कागदावर औषधाच्या जागी लिहिलं: "दोन्ही पायांत एकाच जोडीचे बूट घालणे." आणि खाली रेघ मारली.

वैद्यकीय लोकांना तुलनात्मक पद्धतीची सवय नसते. बाई स्वभावाने चांगल्या. घरी कोण असतं, शेक कोण देईल, विचारत होत्या. सांगितलं, मीच देतो, माझा हात पोचतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एक अडचण लक्षात आली. उजवा नवा बूट नऊ किलोमीटर चाललाय, डावा नवा खोक्यात कोरा. अशी जोडी घालून दौडीला जाणं म्हणजे मुलाची फसवणूक. म्हणून आजपासून उलट: डावा नवा, उजवा जुना. डाव्याचे नऊ पुरे झाले की जोडी बरोबरीला येईल.

आज पाचशे मीटर. आता उजवं कंबरडंही थोडं धरलंय. समतोल येतोय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १

चिरंजिवांचा फोन. मी मुद्दे लिहूनच ठेवले होते. गादीपासून सुरुवात केली. पकडीवर येईपर्यंत सहा मिनिटं झाली. हिच्या पश्चात इतकं लांब बोलणं झालं नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "बाबा, मी बुटांचं नाही विचारत. तुम्ही येताय का?"

म्हटलं, डाव्या बुटाची माहिती अपुरी आहे. अर्धवट माहितीवर मी कधी शब्द देत नाही. रविवारी सविस्तर अहवाल पाठवतो.

तो "बरं" म्हणाला.

पोराला पद्धतीचं महत्त्व पटलं. आनंद वाटला.

२२ फेब्रुवारी, रविवार

अहवाल पूर्ण. नऊ पानं, दोन आलेख. कारखान्यात असं काम केलं असतं तर बढती मिळाली असती. नवव्या पानावर शेवटची ओळ: "सदर बूट रोजच्या सरावास योग्य असून तपासनीस १ मार्चच्या दौडीस उपलब्ध आहे." तीनदा वाचली. सकाळी दहाला पाठवला. दुपारी बॅग काढून पुसली. फोन दिवसभर हाताशीच ठेवला. पाहिल्याची खूण आली नाही. नऊ पानं वाचायला वेळ लागणारच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं. "बाबा, छान केलंय. पण नावं वीसलाच बंद झाली. हिचे बाबा विचारल्या क्षणी हो म्हणाले, तेच येतायत माझ्याबरोबर. तुम्ही कंबर सांभाळा."

कंबरेचं त्याला सांगितल्याचं आठवत नाही. आठव्या पानावर एक तळटीप होती. म्हणजे वाचलाय.

व्याह्यांनी म्हणे ऐकल्या ऐकल्या हो म्हटलं. बूट न बघता. अशा माणसाला मी तपासणी विभागाच्या दारातही उभं केलं नसतं.

ठीकच झालं. डाव्या बुटाला अजून वेळ हवाच होता.

१ मार्च, रविवार. सकाळी १०

चिरंजिवांनी फोटो पाठवला. दौड संपल्यावरचा. मोठा करून बघितला. व्याह्यांच्या पायात ऑफिसला घालतात तसले काळे बूट, एक लेस सुटलेली. दोघंही घामाने भिजलेत आणि कशाला तरी हसतायत. चिरंजिवांचा हात त्यांच्या खांद्यावर आहे.

तो हात माझ्या खांद्यावर कधी होता ते आठवत बसलो. त्याची आई गेली त्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात.

दुपारी १२

अभिनंदनाचा फोन केला. मागे बराच गलका होता, सगळे जेवायला निघाले होते. काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, व्याह्यांचे बूट कुठले.

तो म्हणाला, "माहीत नाही बाबा. मी त्यांच्या पायांकडे बघितलंच नाही."

पुढचा मुद्दा तळव्याच्या झिजेचा होता. कागद समोर होता, पण वाचवेना. जपून जा म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी ४

बूट पहिल्या दिवसापासून चांगले होते. त्यांच्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. मी मागे पडलो असतो, तो माझ्यासाठी थांबला असता, आणि तासभर शेजारी चालताना त्याच्याशी काय बोलायचं याची मला भीती वाटली. म्हणून महिनाभर बूट तपासत बसलो.