गुनवोरमावशींचं विरजण

४ सप्टेंबर
आले बाई एकदाची! दोन खोल्यांचा दवाखाना, खिडकीबाहेर तळं, आणि अख्ख्या खोऱ्याला नर्स मी एकटी. माझं हृदय अधूनमधून उगाच धडधडतं, म्हणून उप्साला शहरातली धावपळ सोडून इथे बदली मागून घेतली. शेजारच्या गुनवोरमावशी वाडग्याला विरजण फासून घेऊन आल्या. इथलं दही तारेचं, चमचा उचलला की हातभर ओघळतं. साऱ्या गावाचं विरजण एकच, पण ज्याचं त्याने लावायचं; दुसऱ्याने लावलेलं पोटात टिकत नाही म्हणे. मी आभार मानणार, तोच मावशींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, विरजणाचे आभार मानले की ते लागत नाही. घ्या! आम्ही दार उघडणाऱ्याचेही दोनदा आभार मानणारी माणसं! हसू दाबून गप्प बसले.

१९ सप्टेंबर
दही रोज खाते, राय धान्याची कुरकुरीत रोटी कुस्करून. धडधड पार थांबली. नवल म्हणजे इथे ज्याचा म्हणून ईसीजी काढावा त्याचा ठेका एकच: चार ठोके, मग एक गाळलेला. लाकूडतोड्या टॉर्गनीला दाखवलं, तर म्हणाला, अहो नर्सबाई, आमची हृदयंसुद्धा मधेच कॉफीला थांबतात.

२ ऑक्टोबर
आज माझाही तोच ठेका. पाठवलेले नमुने तपासून प्रयोगशाळेतली मैत्रीण फोनवर म्हणाली, दह्यातले जंतू आतड्यात घर करून बसलेत. आतड्याचं हृदयाशी काहीतरी गूळपीठ असतं, असं हल्ली बऱ्याच जणांना वाटतं. वाटू दे. माझा घसा धरलाय, पेनिसिलिन सुरू केलं. टॉर्गनीच्या पायाची जखम चिघळली, त्यालाही तेच दिलं. गोळ्या संपेपर्यंत दोघांचंही दही बंद.

१० ऑक्टोबर
टॉर्गनी गेला. नाडी माझ्या बोटांखाली असतानाच. एक ठोका गाळला गेला, मग पुढचा आलाच नाही.
मावशींनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं. म्हणाल्या, अगं, काय केलंस हे! त्याच्या पोटातलं विरजण मारलंस. आता हृदय हलवणार कोण?
रडायला हवं होतं. मी भांडी घासली. माझा वाडगा केव्हाच वाळून गेलाय.

११ ऑक्टोबर
माझे तीन ठोके, मग रिकामं. दुपारी दोनच.
मावशींच्या दारात गेले. त्यांनी वाडगा फासून दिला. दूध ओतून ठेवलंय. सकाळपर्यंत लागेल. लागायलाच हवं. भीती वाटत नाही, हातपाय नुसते गार –

१२ ऑक्टोबर
दूध पातळ. हलवलं की डुचमळतंय.
काल दारात – वाडगा हातात आला आणि – सवय मेली – म्हणाले मी. आभारी आहे म्हणाले. दोनदा.
मावशींनी ऐकलं. दार ओढून घेतलं.

एक ठोका. रिकामं.
एक. रिकामं. रिका–