वॉल्टरची मोडकी हाक

प्रिय ऑयरिक,

तू गेल्यापासून घरात माझ्याशी कुणी गेलिक बोलत नाही. वॉल्टरला येतंय कुठे? एवढा संसार झाला, पण तू त्याच्याशी इंग्रजीच बोलायचीस आणि आपली बेटावरची भाषा माझ्यासाठी ठेवायचीस. तो "ये गं रूआ, ये" म्हणून इंग्रजीत घसा फोडायचा आणि मी तुझ्या खुर्चीखाली शेपूट गुंडाळून ढिम्म. कळत होतं गं सगळं. जावंसं वाटत नव्हतं.

एकदा तुझ्यासारखा कोट दिसला म्हणून मी भर रस्त्यात धावले. तो मागून ओरडत होता, ट्रक कसाबसा थांबला. तुझ्या शोनकताईने त्याला फोनवर चांगलंच झापलं, "तुझं ऐकत नाही ती, जिवाला मुकेल एक दिवस. इकडे आणून सोड." तो तिला म्हणाला, "वसंतात आणतो. तुझ्यासमोर एकदा हाक मारीन, आली तर परत नेईन."

आणि हा बाबा गेलिक शिकायला लागला! जुनी व्हॅन काढली, मला शेजारी बसवलं आणि बेटामागून बेट हिंडत निघाला. गाडीत शिकवणीची कॅसेट, तिच्यामागून याची घोकंपट्टी. उच्चार असे, की मी खिडकीबाहेर बघायचे. दुकानात हा पाठ केलेलं वाक्य जेमतेम संपवतो, तोच बाई इंग्रजी सुरू करते. आपली माणसं तुला माहीतच आहेत, परक्याला अडखळू देणं त्यांना उद्धटपणाच वाटतो. पण माझ्याकडे वाकून तीच बाई गेलिकमध्ये, "काय गं सोनुले, खायला घालतो का नाही हा म्हातारा?" हॅरिस बेटाच्या धक्क्यावर टोरमोट नावाच्या आजोबांनी मला मेंढ्या, पाऊस, गुडघा, सगळं गेलिकमध्ये सांगितलं. वॉल्टरला मात्र इंग्रजीत एवढंच, की आज हवा बरी आहे.

मग व्हॅनमध्ये डब्यातलं सूप गरम करताना तो मला विचारायचा, "काय म्हणत होते गं ते तुला?" फार एकटा पडलाय तो, ऑयरिक. दिवसभरात हवेपलीकडे त्याच्याशी कुणी बोलत नाही. तरी मी त्याच्याजवळ जात नव्हते.

काल शोनकताईच्या दारात पोचलो. तिने हाक मारली आणि मी धावतच सुटले. हुबेहूब तुझा आवाज! मी तिचं तोंड चाटलं, तिने ओटच्या भाकरीचा तुकडा दिला. वॉल्टरने माझं अंथरूण आणि वाडगा आपणहून तिच्या दाराशी नेऊन ठेवला. शोनकताई इंग्रजीत म्हणाली, "ठरलंय ना? मार हाक."

त्याने फाटकापाशी जाऊन गेलिकमध्ये हाक मारली. काय सांगू तुला, निम्मे शब्द मोडकेतोडके निघाले. कोंबड्यासुद्धा दचकल्या. मी मध्ये उभी. इकडे राहिले तर रोज तुझाच आवाज ऐकायला मिळणार होता. आणि तो रिकाम्या गाडीत बसून कॅसेटशी बोलणार होता. मी गेले. त्याच्या बुटावर बसले. तो खाली बसून माझ्या मानेत तोंड खुपसून रडला. शोनकताई बघत राहिली आणि मग, वॉल्टरशी आयुष्यात पहिल्यांदा, गेलिकमध्ये म्हणाली, "उचल तिचं अंथरूण. आणि आत ये आधी, चहा निवतोय."

आता आम्ही परतीच्या बोटीवर आहोत. शोनकताई फोनवर तुझ्या बाकीच्या बहिणींना सांगेल, तुझ्या थडग्याशी चरणाऱ्या मेंढ्या तुला सांगतील, पण ही गोष्ट तू माझ्याकडूनच ऐकायला हवीस, म्हणून लिहिलं. तुला सोडून मी दुसऱ्या कुणाच्या हाकेला गेले. तुझी आठवण मला अजून येते, फार येते. पण तुला शोधायला मी आता रस्त्यावर धावणार नाही. तो मागे एकटा राहतो गं.

कालपर्यंत तुझीच, आता त्याची,
रूआ