चौतीस फुटांचं स्थळ

३ नोव्हेंबर

मुंबईची नाव नापसंत! छत्तीस फूट. आत सागवानी कपाटं, ओव्हन, खिडक्यांना पडदे. मला घर नकोय, घर आहे. एवढं ओझं घेऊन ती हलक्या वाऱ्यात हलणार कशी? मला शिडाची नाव हवी, जुनी चालेल, पण पळणारी. मुंबईहून निघावं, किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जावं, दर मुक्कामाला उजेडी पोचावं. दलालाला कळवलं, विचार करून सांगते. म्हणजे नाही.

आईची चौकशी चालूच. "आधी कोनाकडं होती? काहून इकून राह्यला थो?" बिजवराचं स्थळ आलंय जणू.

६ नोव्हेंबर

आज दिवसभरात आई सोडून फक्त दूधवाल्याशी बोलले. तेही "अर्धाच द्या" एवढंच.

संध्याकाळी गच्चीवर गेले. वारा गालावर घेतला, दिशा ठरवली. नौदलातली चौदा वर्षं अंगातून जात नाहीत. पण सांगू कुणाला? अख्ख्या मंगरूळपीरात वारा सुटला की लोक दोरीवरचे कपडे काढतात, बस. मागे एकदा शेजारच्या ललिताबाईंना म्हणाले होते, वारा वायव्येचा आहे. त्या म्हणाल्या, "हो का माय? मंग पापड टाकू नोको आज?"

हसले खूप. मग खाली येऊन उगाच भांडी घासली.

८ नोव्हेंबर

संघदीपचा नागपूरहून फोन. भावाचं तेच — "ताई, आईले पाठव इकडं, तू जाय नं तुह्या समुद्रात." आईने फोन ओढून घेतला. "तुह्या चौथ्या मजल्यावर मले गुदमरते, बापू. मी इथंच बरी."

झालं. ती इथून हलायची नाही, आणि तिला एकटीला टाकून मी जायची नाही. पाच वर्षं हेच चाललंय. गुडघे गेलेत तिचे, साखर वर-खाली होते. कुणीतरी हवं ना!

१३ नोव्हेंबर

गोव्याहून परतले. तेवढ्या रात्री आईजवळ ललिताबाई झोपायला होत्या. पाठ मोडलीय, पण झोप नाही.

चौतीस फुटी. मालक निवृत्त डॉक्टर. बायको आणि ते मिळून चालवायचे, ती गेली, आता त्यांना एकट्याने नको वाटतं. मी डेकवर रांगत रांगत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकलं. पाणी मुरलेलं असलं की आवाज बद्द येतो. कुठेच आला नाही. डोलकाठीच्या तारा नव्या, शिडांचे दोन संच, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू.

मग बाहेर नेली. वारा आडवा मिळाला, डॉक्टरांनी सुकाणू माझ्या हातात दिलं — साडेसात नॉट! हातात थरथर जाणवते तिची. मी मोठ्याने ओरडले. डॉक्टर म्हणाले, "तीही असंच ओरडायची." आणि दुसरीकडे बघू लागले.

इतक्या सुखात मी कितीतरी वर्षांत नव्हते. लिहूनच ठेवते.

१४ नोव्हेंबर

पण हिची कील फार खोल. तळातून खाली उतरलेलं ते वजन आहे म्हणून तर ती एवढी पळते, पण ओहोटीला कोकणातल्या कितीतरी खाड्यांत शिरता येणार नाही. अडकले तर? शिवाय एकटीने चालवायची म्हणजे शिडाच्या सगळ्या दोऱ्या सुकाणूपाशी आणून घ्याव्या लागतील. आणि रंगही उडालाय.

डॉक्टरांना कळवलं, थोडा वेळ द्या.

१५ नोव्हेंबर

आईला सगळं सांगत बसले होते — कील, खाड्या, दोऱ्या. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरं पाह्यली तवाबी तू असंच करे. एकाचं नाक, एकाची नोकरी. पसंत पडलं का तुले खोट दिसते."

डोकंच फिरलं. ओरडले, "तुह्यासाठी थांबली मी! तुह्यासाठी!"

 तिची उरलेली मेथी देठांसकट पातेल्यात गेली.

१६ नोव्हेंबर

अबोला. घरात दोन माणसं, आणि आवाज फक्त टीव्हीचा.

१८ नोव्हेंबर

कमाल झाली! डॉक्टरांचा फोन. "तुमच्या आईंचा फोन आला होता. हो म्हणाल्या. बैठकीला कधी येता, विचारत होत्या."

माझ्याच मोबाइलवरून लावला होता, मी अंघोळीला गेले तेव्हा. वर हिंदीत! "हमकू पसंद है. आप लोग कब आते बैठने कू?" आमच्याकडे रीत आहे, स्थळ पसंत असलं की मुलीकडचं मोठं माणूस होकार कळवतं. तिने कळवला! आणि डॉक्टरांनीही तो मानला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाव दाखवायचं बंद केलंय. म्हणे, "आईने शब्द दिलाय, आता कसं दाखवणार?"

"कायले केला फोन?" मी विचारलं. चिडले की माझीही भाषा मंगरूळची होते.

"पोरीकडच्यायनं सांगा लागते. तू त सांगत नाहीस."

"अन मी गेल्यावर तुह्याकडं कोन पाहीन?"

त्यावर तिने टीव्ही मोठा केला. मला रडू आलं, रागाने की कशाने, कळलं नाही. तिच्यासमोर मात्र रडले नाही.

२१ नोव्हेंबर

बाजारातून आले तर दाराला कुलूप. किल्ली ललिताबाईंकडे. आई सकाळच्या बसने नागपूरला गेली, संघदीपकडे. एकटी, कपड्यांची पिशवी आणि गोळ्या घेऊन. निरोप ठेवलाय. ललिताबाईंनी जसाच्या तसा सांगितला —

"तुही माय म्हने, आता तिले विचारजो, कोनासाठी थांबली."