शेततळ्यातली सुपरचार्ज बोट

७ फेब्रुवारी
बोट घेतली. परदेशातून आलेल्या भंगारात लोखंडाबरोबर सपाट तळाची जुनी रेसची बोट निघाली, इंजिनासकट. बॉडी फायबरची, स्टीलच्या भट्टीत चालत नाही, म्हणून यार्डवाला ती कुणाच्या तरी गळ्यात मारायला टपलेलाच होता. त्याला काय कळतंय. आठ सिलिंडरचं इंजिन आहे. सव्वीस वर्षं विहिरीच्या मोटारी वाइंड केल्या, आता कुठे माझ्या लायकीचं काम हातात आलं.
वंदना म्हणाली की जालन्यात पाणी कुठंय. बायकोचा स्वभाव निगेटिव्ह आहे.
संकल्प: इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे जादा हवा कोंबून वेग वाढवणारं यंत्र. एप्रिलमध्ये ट्रायल. उद्यापासून फिरायला जाणे.

१५ फेब्रुवारी
इंजिन सुरू झालं. केलं अजमतभाईने, पण मार्गदर्शन माझं. जुन्या जालन्यात माझ्या दुकानाला लागून त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तो म्हणाला की राजानंदभाऊ, ह्याला न्यूट्रलच न्हाई, इंजिन सुरू झालं की खालचा पंखा फिरला अन् बोट सुटली. मी म्हणालो, रेसमध्ये थांबायचं कुणाला असतं. तो पाने आवरायला लागला. पटलं असावं.

३ मार्च
सुपरचार्जर मिळाला. म्हणजे सिमेंटच्या टँकरचा जुना ब्लोअर. आत दोन रोटर, हवा दाबून पुढे ढकलतात. सुपरचार्जर तरी दुसरं काय करतो. अजमतभाईने उलटा केला तर पावशेर सिमेंट पडलं. म्हणाला की हे बिलकुल साफ धुवावं लागतं. धुतलं. आतलं थोडं घट्ट झालं. दोन दिवस छिन्नीने खरवडतोय.
फिरायला जाणं पुढच्या सोमवारपासून.

१९ मार्च
ब्लोअर इंजिनावर, कार्बोरेटर ब्लोअरवर, पट्टा पिठाच्या गिरणीचा. बराबर बसला. उंची मात्र एवढी झाली की ड्रायव्हरच्या सीटवरून समोरचं काही दिसत नाही. सरळच जायचंय.

२४ मार्च
पाण्याचा प्रश्न सुटला. केदारखेड्याला सोमेश्वरकडे जाऊन आलो. हा वंदनाचा एकुलता भाऊ. मोसंबीची चारशे झाडं. विहीर आताच तळाला गेलीय, पाऊस पडेपर्यंत सगळी बाग शेततळ्यावर. आत प्लास्टिकचा कागद अंथरलाय म्हणून पाणी मुरत नाही. सोमेश्वर म्हणाला की दाजी, तुम्हाला न्हाई कसं म्हनू, पण कागदाला जपा, फळ धरलंय, पाणी गेलं की झाडं गेली. नियम एकच. काठावर चप्पल काढायची. चपलेच्या तळाला काटा रुतलेला असला तर कागदाला भोक पडतं. मी शब्द दिला.
हिशोब केला. ताशी एकशेवीस म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. तळं चौतीस मीटर. एक मीटर शिल्लक राहतो.

५ एप्रिल
अजमतभाई म्हणतो की बंद करायचं स्विच तर न्हाई, एक दोरी लावू, ओढली की इंजिन बंद. चांगली कल्पना आहे. उद्या.

१० एप्रिल
दोरी राहिली. पेंटरकडे वेळ गेला. बोटीवर 'वंदना' लिहून आणलं. ती म्हणाली की खोडा. खोडलं नाही, मनातून खूश आहे.

१८ एप्रिल, सकाळी ८
ट्रायल. बोट रात्रीच ट्रॉलीतून तळ्यावर आणली, सावधगिरी म्हणून मागून काठावरच्या कडुलिंबाला दोरखंडाने बांधलीय. ब्लोअरला हळदकुंकू लावलं. नियम कटाक्षाने पाळला. चप्पल काढली, पाय धुतले, मगच बोटीत बसलो.

सकाळी ९.१५
दोरखंड तुटला. एका सेकंदात पलीकडे. म्हणजे हिशोब बरोबर होता. बोट बांधावर चढली, मग घसरत मागे आली. पंखा फिरतच होता. इंजिन बंद करायची दोरी नव्हती. अजमतभाईने पोहत येऊन पेट्रोलची नळी उपटली. तोवर पंख्याने कागद वरपासून तळापर्यंत चिरला.
सुपरचार्जर उत्तम चालला. कोपर सुजलंय. पाणी थोडं कमी झाल्यासारखं वाटतंय.

१९ एप्रिल
पाणी कमरेएवढं. कागद जोडणारा माणूस म्हणाला की वलं असलं तर चिकटत न्हाई, कोरडं होऊ द्या. म्हणजे पाणी जाणं तसं गरजेचंच होतं. हे सोमेश्वरला सांगितलं. तो बागेकडे निघून गेला.

२१ एप्रिल
तळं रिकामं. कागद जोडला, पण तळं भरायचं कशाने? बोट तळाशी आहे. तळ सपाट असल्यामुळे अजिबात कललेली नाही. वंदना तीन दिवस बोललेली नाही. भांडली असती तर माझी बाजू सांगता आली असती.

६ मे
दुकान बंद ठेवून इथे केदारखेड्यातच राहतोय. अजमतभाईने इंजिन उतरवून नेलं. बोट ट्रॅक्टरने ओढून बागेत आणली. रोज सकाळी टँकर येतो, पाणी बोटीत ओततो. थेंबभर गळत नाही. त्यातून मी बादलीने झाडांना घालतो. दिवसाला साठ झाडं होतात. उरलेली वाट बघतात. फळं गळताहेत. वंदना दुसऱ्या टोकाकडून बादल्या भरते.

१२ मे
एकशेदहा झाडं वाळली. मी दोनदा मोजली.
पंख्याचं एक पातं तळ्यात राहिलं होतं. ते आणायला निघालो. काठावर सवयीने चप्पल काढून ठेवली. सोमेश्वर मागून आला. म्हणाला की घाला दाजी, तळ तापलाय, पाय भाजतेत.
घातली. चप्पल घालून तळ्याच्या मधोमध उभा राहिलो. मला फार लाज वाटली.