खिळ्यावरचा नान

३ मार्च
ओयी गेली. शहरातल्या इस्पितळात, पहाटे. मी खाली चहा आणायला गेले होते. आईच्या शेवटच्या घटकेला मी चहाच्या रांगेत!
दुपारनंतर दफनही झालं. बायका कबरस्तानात जात नाहीत, आम्ही दारातूनच परतलो. मन्सूर, माझा भाऊ, रशियात. त्याला रजा नाही.

६ मार्च
तीन दिवस घरात चूल नाही. शेजारणी वाडगे भरून आणतात आणि ओयीचे गोडवे गातात. खोटं काहीच नाही. बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. रोज पहाटे तंदुरात हात घालून बाजारासाठी नान भाजले, त्यावर आम्हा दोघांना वाढवलं. तिच्या हातांवर केस म्हणून नव्हते, सगळे जळलेले.
नवऱ्याचं घर सोडून मी माझ्या लेकीला, ओयदिनला, कडेवर घेऊन आले, तेव्हा ओयीने एक प्रश्न विचारला नाही. "हात धू, नान गरम आहे," एवढंच.
मी कारखान्यात जायचे, ओयदिन तिच्या बुवीकडे, म्हणजे आजीकडे. चहात भिजवलेला नान दोघी एकाच वाटीतून खायच्या. पोरीला दात आले नव्हते, हिचे पडून गेले होते.

९ मार्च
लिहून टाकते. नाहीतर वेड लागेल.
तिला इस्पितळात जायचं नव्हतं. "मला इथेच राहू दे, तंदुराजवळ," म्हणत होती. मी ओरडले — मरणाऱ्या आईवर! म्हटलं, ऑपरेशन झालं की आठ दिवसांत घरी आणते. शब्द देते.
गाडी दारात आली. जाणाऱ्यापुढे धरतात तसा ताजा नान मी तिच्यापुढे धरला. एक घास चावायचा, उरलेला पिशवीत घालून खिळ्याला टांगायचा, परत येऊन संपवायचा. मन्सूरचा तीन वर्षं टांगलेला आहे. तिने माझा हात बाजूला सारला.
"ज्याला परत यायचं असतं तो चावतो, पोरी."
मग शाल राहिली म्हणून ओयदिनला घेऊन आत गेली. मी बाहेरून हाका मारत राहिले. किती वेळ लावतेस!
तिला कळलं होतं. तरी मी तिला गाडीत कोंबलं. स्वतःच्या घरात मरू दिलं नाही.

११ मार्च
ओयदिन माझ्याशी बोलत नाही. दहा वर्षांची पोर, पण तिलाही समजतंय.

१७ मार्च
तंदूर पेटवला. पहिलाच नान निखाऱ्यांत गळून पडला. बाकीचं पीठ तसंच टाकून निजले. कशासाठी उठायचं?

२२ मार्च
मन्सूर आला. कबरीवर जाऊन आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "तू होतीस ना इथे?" म्हणाला. होते. मीच होते.

२३ मार्च
आला आहे तर त्याचा नान त्याला द्यावा म्हणून खिळ्यावरची पिशवी काढली. आत दोन नान! दुसरा ओयीच्या रुमालात बांधलेला. कडेचा एक घास नाही. दातांचा वण कुठेच नाही, हिरड्यांनी दाबून ओढून काढलेला.
ओयदिन रडायला लागली. म्हणाली, शाल घ्यायला आलो तेव्हा बुवीनेच टांगायला लावला.
"बुवी म्हणाली, तुझ्या आईनं शब्द दिलाय. मग चावायलाच हवा."
म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून ती गाडीत बसली होती.