दोनशे अठ्ठ्याऐंशी गुंजा

मी, पुरुषोत्तम हरी पोतदार, वय चौपन्न, मुक्काम स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया, विद्यापीठाच्या वर्कशॉपमधला मशिनिस्ट, हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदय थकले आहे. डोके ठिकाणावर आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी म्हटले तर ते रद्द समजावे.

१. घर, बँकेतील शिल्लक व गाडी पत्नी पद्मिनी हिची. गाडीचे मागचे डावे टायर बदलायचे राहून गेले.

२. लेथची हत्यारे मुलगी प्रतिमा हिला. ती म्हणेल, "बाबा, व्हॉट विल आय डू विथ धिस?" तरी द्यावीत. गंजू देऊ नयेत.

३. वडील सोनार होते. त्यांचा काटा आणि गुंजांची डबी पद्मिनीचा भाऊ विनय यास द्यावी. त्याच काट्यावर मी हरणाच्या शिकारीचे बाण तोलत आलो. इथे बाणाचे वजन ग्रेनमध्ये धरतात. माझा हात गुंजेचा. एक गुंज म्हणजे १.८७५ ग्रेन.

४. माझी वहीही विनयला. माझी शाळा सातवीपर्यंत, पण त्यातला प्रत्येक आकडा मी स्वतः मोजलेला आहे. साठ पौंड ओढीच्या माझ्या धनुष्यातून ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २२५ फूट जातो, ५४० ग्रेनचा १९८. वेग घटतो, पण ऊर्जा पंचेचाळीस फूट-पौंडांवरून सत्तेचाळीस होते. जड बाण धनुष्यातून जास्त ऊर्जा घेऊन निघतो. फार हलका असेल तर न घेतलेली ऊर्जा धनुष्यातच उरते आणि त्यालाच फोडते.

५. ऑक्टोबर १९८२ मध्ये विनयने ही वही नेली. पातळ नळी आखूड कापून बाण केला आणि माझ्या अंगणात पहिलाच सोडला. धनुष्याची वरची पाती फुटून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा गेला.

दवाखान्यात तो म्हणाला, "दाजी, तुमच्या वहीत दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलंय. मी तेवढंच केलं."

मी म्हणालो, "गुंजा आहेत त्या, गाढवा! वाचायला शिक आधी."

त्यानंतर तो या घरी आला नाही. चार वर्षे पद्मिनी भाऊबीजेला एकटीच त्याच्याकडे जाते. चार वर्षे मी सगळ्यांना सांगतो की पोरगा धांदरट.

आता खरे लिहितो. त्या पानावर "बाण: २८८" एवढेच आहे. गुंजा हा शब्द नाही. २८८ गुंजा म्हणजे ५४० ग्रेन; त्याने २८८ ग्रेन धरले, इथे कोणीही तेच धरील. वर्कशॉपमध्ये एककाशिवाय आकडा लिहिणाऱ्याचा कागद मी फाडतो. चूक माझी. हे कलम पद्मिनीने विनयसमोर मोठ्याने वाचावे. मला तोंडाने जमले नाही.

६. तळघरात हिरव्या कापडात एक धनुष्य आहे. डाव्या हाताने ओढायचे, डाव्या डोळ्याने नेम धरायचा. तीन वर्षांपूर्वी आणले. या घरात डावखुरे कोणी नाही. ते विनयचे. सोबत बारा बाण आहेत, मी तोललेले.

साक्षीदार, दोघेही शेजारी, आमच्यासमक्ष सही झाली:
देवानंद कांबळे (सही)
शीला कांबळे (सही)

पुरुषोत्तम हरी पोतदार (सही)
स्टेट कॉलेज, १४ सप्टेंबर १९८६

ता. क. बाराही बाण प्रत्येकी ५४० ग्रेन. ग्रेन.